हरलेल्या मल्लाचे इनाम

पेण-रोहा परिसरातील वाचकांना कुस्ती म्हटली, की जत्रेतील फड, तांबडी माती आणि विजेत्याच्या हाती पडणारे इनाम आठवते. हरलेला मल्ल अंग झाडून गर्दीत मिसळतो. त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. दिग्दर्शक जॅरेड हेस यांचा २००६ सालचा 'नाचो लिब्रे' हा चित्रपट या हरलेल्या मल्लाची कथा सांगू पाहतो. रोह्यातील काही कुटुंबांसमवेत आम्ही तो नुकताच पाहिला. मुले पोट धरून हसली, आम्हीही हसलो. मात्र शेवटी एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाने आम्हांस विचारात पाडले.

मेक्सिकोतील एका मठात वाढलेला इग्नासिओ तेथील अनाथ मुलांसाठी स्वयंपाक करतो. पदरी पैसा नाही. मुलांच्या ताटात रोज तेच निःसत्त्व अन्न. लहानपणापासून जपलेले कुस्तीचे वेड आणि मुलांची भूक यांची सांगड घालून तो चोरून मठाबाहेर पडतो, मुखवटा चढवतो आणि एका हडकुळ्या जोडीदारासह आखाड्यात उतरतो. पहिलीच लढत तो हरतो. तरीही पैसे हाती पडतात. पुढेही तेच: मार, पराभव आणि पैसे. मुलांच्या ताटात ताजी भाजी येते. इग्नासिओला मात्र विजयाची हाव जाळू लागते.

चित्रपटाचे मर्म येथे आहे. कोणत्याही व्यवसायात नवख्याचे पहिले वर्ष बहुधा असेच जाते: पोट भरते, पण मान मिळत नाही. जॅक ब्लॅक या नटाने हा सल विनोदाच्या भरातही हरवू दिलेला नाही. ही झुंज मुलांसाठी की स्वतःच्या मोठेपणासाठी, हा चित्रपटाने उभा केलेला प्रश्नही खरा आहे.

या कथेमागे एक खरेखुरे धर्मगुरू आहेत. फादर सर्जिओ गुतिएरेस बेनितेस यांनी आपल्या अनाथाश्रमासाठी मुखवटा धारण केला आणि 'फ्राय तोरमेंता', म्हणजे 'वादळ बंधू', या नावाने सुमारे २३ वर्षे व्यावसायिक कुस्त्या केल्या.

त्यांच्या शेजारी ठेवताच चित्रपट उणा वाटू लागतो. अखेरीस इग्नासिओ बलाढ्य रामसेसला चीत करतो आणि इनामातून मुलांसाठी बस घेतो. एका रात्रीत सारे सुटते. प्रत्यक्षात भूक एका विजयाने मिटत नाही. शिवाय मेक्सिकोतील या कुस्तीत हारजीत बहुधा आधी ठरलेली असते. आपल्याकडे अशा लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडतात. तेथे तो खेळाचाच संकेत आहे. प्रतिस्पर्ध्याला इजा न करता फेकणे आणि स्वतः न मोडता पडणे, ही दीर्घ तालमीने साधणारी विद्या आहे. दिग्दर्शकाने तिची फारशी दखल घेतलेली नाही. बळासाठी गरुडाचे अंडे गिळण्याचा विनोद मात्र आहे.

तालमीचे मोल आपल्या मातीला ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला होता. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांना कांस्यपदक मिळाले. पदकाइतकीच मधली चार वर्षेही मोलाची होती. 'नाचो लिब्रे'त नेमकी अशी वर्षे गाळलेली आहेत.

तरीही कुटुंबाने एकत्र बसून हा चित्रपट अवश्य पाहावा. त्या मुलाने विचारले होते, "फादर, तो शेवटी जिंकला नसता, तर त्या मुलांना जेवायला मिळालं नसतं का?" मिळाले असते, बाळा. हरूनच तर त्याने इतके दिवस ती ताटे भरली होती. चित्रपटाने स्वतःच दिलेले हे उत्तर त्याला शेवटपर्यंत सांभाळता आले नाही, एवढीच आमची तक्रार आहे.