पहिली आवृत्ति कशासाठीं?

अभिजात ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या जमविण्याचा छंद आमच्याकडे इंग्रजी विद्येच्या मागोमाग आला, आणि इंग्रजी वाङ्मयापुरता तो निराधार नाहीं. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह, ज्यास फोलिओ म्हणतात, तो कवीच्या मृत्यूनंतर सातच वर्षांनीं, १६२३ सालीं निघाला. त्यांतील छत्तीस नाटकांपैकीं अठरा तत्पूर्वीं छापलेलींच नव्हतीं. हा संग्रह निघाला नसता तर 'मॅक्बेथ' आज आमच्या हातीं आलें असतें असें कोणासहि खात्रीनें म्हणतां येणार नाहीं. २०२० सालीं याच्या एका प्रतीस लिलावांत जवळजवळ एक कोटी डॉलर आले. रक्कम डोळे दिपविणारी खरी, पण तिच्या मुळाशीं कांहीं कारण आहे.

हेंच माप मराठी ग्रंथांस लावतां येईल काय? आमच्या मतें, नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें झाली. ती छापली गेली १८४५ सालीं, बाळशास्त्री जांभेकरांच्या हातून, शिळाछापावर. मध्यें साडेपांच शतकें लोटलीं. पुढें १९०९ सालीं राजवाड्यांनीं अधिक जुनी मानलेली पोथी घेऊन आपली आवृत्ति सिद्ध केली. तेव्हां मूळ पाठाच्या शोधांत पहिली आवृत्ति हाच शेवटचा शब्द, असें येथें मुळींच नाहीं.

मग बाळशास्त्र्यांच्या आवृत्तीस मोल नाहीं काय? आहे, पण तें निराळें. पोंभुर्ल्याचा, म्हणजे तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतलाच, एक इंग्रजी विद्येंत मुरलेला पंडित १८३२ सालीं 'दर्पण' काढतो, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षीं छापण्याची नवी कला ज्ञानदेवांच्या सेवेस लावतो, या गोष्टीची ती साक्ष आहे. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची. म्हणजे या गांवीं वाचनालय आधीं आलें आणि छापील ज्ञानेश्वरी त्यानंतर सतरा वर्षांनीं निघाली! ज्या संग्राहकास हा क्रम पाहून नवल वाटत नाहीं, त्याच्या कपाटांत ती प्रत असली काय आणि नसली काय.

याहून बोलकें उदाहरण केशवसुतांचें. मालगुंडचे हे कवि १९०५ सालीं वारले; त्यांच्या कवितेचा संग्रह हरि नारायण आपट्यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केला. कवीनें जिचीं मुद्रितें तपासलीं नाहींत, जी त्यानें डोळ्यांनीं पाहिलीहि नाहीं, अशी ही पहिली आवृत्ति. ती जपून ठेवावी हें योग्यच. परंतु केशवसुत हयात असतां वाचकांपुढें त्यांची कविता कोणत्या रूपानें आली, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जुन्या मासिकांचे अंक धुंडाळले पाहिजेत. आणि मासिकांचे अंक जमवितो कोण? घराची आवराआवर निघाली कीं पहिल्यानें रद्दींत जातात ते तेच. पुठ्ठ्याच्या बांधणीचें पुस्तक निदान आजोबांची आठवण म्हणून माळ्यावर चढतें. मासिकास तेवढाहि मान नाहीं.

जें उरतें त्याचीहि दशा पाहा. आम्ही राहतों त्या मांडवीस खारा वारा बारमाही आहे. पावसाचे चार महिने कपाट उघडलें नाहीं तर पुस्तकास बुरा येतो, आणि उघडलें तर कसर वाट पाहतच असते. पण हवेहून अधिक नुकसान बांधणाऱ्याच्या कातरीनें केलें आहे. नवी बांधणी करतांना वरचें रंगीत वेष्टन, जाहिरातींचीं पानें, क्वचित् आश्रयदात्यांची यादी, हें सारें निरुपयोगी म्हणून फाडून टाकावयाचें, आणि कडा सारख्या करण्याच्या नादांत समासांतील टिपणें अर्धीं कापावयाचीं! पुस्तक काय किंमतीस विकलें जाई आणि तें कोणीं वाचलें, हें सांगणारा भाग नेमका तोच. सजविलेल्या कातडी बांधणीची प्रत मिरविणाऱ्या संग्राहकांपेक्षां, फाटक्या वेष्टनासकट अंक सुतळीनें बांधून ठेवणारी एखादी आजी आम्हांस अधिक विचारी वाटते.

ज्यांच्या घरीं असे गठ्ठे असतील त्यांनीं ते बांधणाऱ्याकडे धाडण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहावेत, आणि धाडलेच तर वेष्टनास हात लावूं नये असें चिठ्ठीवर लिहून द्यावें.