एका ठगाचा कबुलीजबाब : इ. स. १८३९ तील एका लोकप्रिय कादंबरीची साधनपरीक्षा

जुन्या कागदांचा संग्रह करणारे आपण सर्व फाटकी यादी, अर्धवट जळालेलें पत्र व वाळवीनें खाल्लेली पोथी जपून ठेवितों. परंतु ज्या पुस्तकावर एका काळीं सर्व लहानथोर वाचकांच्या उड्या पडल्या, तें लोकप्रिय कादंबरीचें पुस्तक मात्र बाजारी म्हणून दूर सारितों. कादंबरी ही कल्पित, म्हणून इतिहासास निरुपयोगी, असा या वागण्याच्या मुळाशीं समज आहे. हाच न्याय बखरींस लाविला असता तर आपलीं निम्मीं दप्तरें रिकामीं पडलीं असतीं. कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींतील स्थलकालाच्या चुकांवर कठोर टीका केली. तथापि त्या टीकेमुळें कोणी बखरी जाळून टाकिल्या नाहींत. त्यांतील पाहिलेलें कोणतें, ऐकलेलें कोणतें आणि रचलेलें कोणतें, हें निवडून घेण्याची शिस्त मात्र आपणांस लागली. हीच शिस्त लोकप्रिय कादंबरीस लावितां येते काय, हें एका उदाहरणावरून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

उदाहरण इ. स. १८३९ या सालचें घेतलें आहे. त्या सालीं लंडन शहरीं कादंबऱ्यांस मोठाच बहर आला होता. डिकन्स याची ‘निकोलस निकल्बी’ अंकशः निघत होती, ती त्या सालच्या ऑक्टोबरांत पुरी झाली. एन्सवर्थ याची ‘जॅक शेपर्ड’ जानेवारीपासून मासिकांतून येऊं लागली व वर्ष संपण्यापूर्वींच तिचे नाट्यप्रयोग निरनिराळ्या रंगभूमींवर होऊं लागले. हा जॅक शेपर्ड कल्पित नव्हे. तो वारंवार तुरुंग फोडून निसटणारा खराच चोर असून इ. स. १७२४ च्या नोव्हेंबरांत त्यास फांशीं दिलें होतें. गुन्हेगाराचें चरित्र त्याच्या तोंडून किंवा त्याच्या बाजूनें ऐकण्याची गोडी वाचकांस त्या वेळीं इतकी लागली होती कीं, पुढील वर्षीं लॉर्ड विल्यम रसेल यांचा त्यांच्या नोकरानें खून केला, तेव्हां त्याचा दोष या कादंबरीच्या माथीं मारण्यापर्यंत वर्तमानपत्रांची मजल गेली. ‘जॅक शेपर्ड’ छापणाऱ्या बेंटलीच्याच छापखान्यांतून त्याच वर्षीं तीन भागांत ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे ‘एका ठगाचा कबुलीजबाब’, ही कादंबरी बाहेर पडली आणि पाहतां पाहतां लोकप्रिय झाली. तिच्याकडे पाहतांना ही बाजारपेठ विसरून चालणार नाहीं. हिंदुस्थानांतून आलेला माल लंडनच्या चालू मागणीच्या मापानें कापून विकला गेला, ही पहिली ध्यानांत ठेवण्याची गोष्ट होय.

ग्रंथकार फिलिप मेडोज टेलर हा आपल्या वाचकांस सर्वस्वीं अपरिचित नसावा. त्याचा जन्म इ. स. १८०८ त लिव्हरपूल येथें झाला. इ. स. १८२४ त तो पोरवयांत मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर आला. पेढी बुडित निघाल्यामुळें त्यानें निजामाच्या फौजेंत चाकरी धरिली. पुढें सुरापूर संस्थानचा कारभार व इ. स. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याची डेप्युटी कमिशनरी त्यानें केली. तुळजापूर त्याच जिल्ह्यांत. कंपनीच्या कलकत्त्याकडील अधिकाऱ्यांप्रमाणें तो नुसता कागदावरून देश ओळखणारा नव्हता. आयुष्याचीं पस्तीस वर्षें दक्षिणेंतील रस्ते, बाजार, कचेऱ्या व देवळें यांत घालविलेला असा हा माणूस होता.

आतां कादंबरीचे थर पाहूं. अमीर अल्ली नांवाचा ठग तुरुंगांत एका साहेबास आपली जन्मकथा सांगत आहे, अशी तिची मांडणी आहे. लहानपणीं त्याच्या आईबापांस ठगांनीं मारिलें. त्यांच्यापैकींच इस्माईल यानें त्याचा मुलाप्रमाणें सांभाळ केला. मोठेपणीं तो त्या धंद्यांत निष्णात झाला. चितू पेंढाऱ्याच्या टोळींत शिरून त्यानें लूटही केली. आणि अखेरीस आपण नकळत स्वतःच्या सख्ख्या बहिणीसच फांस घातला, हें त्यास कळून आलें. प्रस्तावनेंत ग्रंथकार असें म्हणतो कीं, यांतील दुष्कृत्यांची हकीकत बहुतेक सर्व खरी असून केवळ प्रसंग जोडण्यापुरती व गोष्टीस रस आणण्यापुरती कल्पनेची मदत घेतली आहे. हें विधान तपासल्यावांचून स्वीकारणें अगर टाकणें, दोन्हीही सारखींच चुकीचीं.

पहिला थर ग्रंथकारानें स्वतः पाहिलेल्याचा. पावसाळा सरल्यावर वाटा मोकळ्या होतांच निघणारे काफिले, सोबतीच्या आशेनें अनोळखी माणसांशीं होणारा स्नेह, गांवाबाहेरील आमराईंतला मुक्काम, सावकाराच्या हुंड्या व जवाहीर पोंचविणारे जासूद, हैदराबाद शहराची गजबज, जमीनदार व गांवकामगार यांची कांहीं ठिकाणीं असलेली मिलाफत, हीं वर्णनें डोळ्यांदेखत घडल्यासारखीं आहेत. आपल्या दप्तरांत वाटखर्चाच्या यादी व दस्तकें विपुल सांपडतात. पण वाटेंतील रात्रीची भीति व सोबतीची गरज कोणी यादींत लिहीत नाहीं. या अंगानें ही कादंबरी उपयुक्त साधन आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

दुसरा थर दप्तरांतून उचललेल्याचा. इ. स. १८३० पासून नर्मदाकांठीं कॅप्टन स्लीमन यानें ठगांची धरपकड चालविली व इ. स. १८३६ त कलकत्ता येथें ‘रामसीआना’ हा ग्रंथ छापून ठगांची सांकेतिक भाषा व त्यांचे जबाब प्रसिद्ध केले. भुलवून आणणारा ‘सोठा’, फांस घालणारा ‘भुट्टोट’, खड्डा खणणारा ‘लुघा’, हे त्यांतलेच शब्द. इ. स. १८३२ त सागरकडून निजामाच्या मुलुखांत जे माफीचे साक्षीदार पाठविले गेले, त्यांत अमीर अल्ली होता व तेथेंच आपली त्याची ओळख झाली, असें टेलर सांगतो. अशा कैक जणांच्या जबान्या त्यानें स्वतः उतरून घेतल्या होत्या. म्हणजे कादंबरीचा पाया कागदाचाच आहे.

परंतु कागद आणि कादंबरी यांत एक महत्त्वाचा फरक पडला आहे आणि आमच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच. ‘रामसीआना’ उघडून पाहावें. तेथें बहुतेक ठिकाणीं अगोदर प्रश्न व मग उत्तर आहे. साहेब काय विचारतो, कशाची उलटतपासणी करितो, साक्षीदार कोठें अडखळतो, दुसरा त्याला कोठें खोडून काढितो, हें सर्व दिसतें. देवीचा कौल, शकुन, गुळाचा प्रसाद, कुदळीची पूजा यांविषयीं जें बोलणें आहे, त्यांतील बरेंचसें विचारल्यामुळें निघालेलें आहे. कादंबरींत साहेब शिल्लक आहे, पण त्याचे प्रश्न गळाले. अधूनमधून तो दोन शब्द बोलतो, शहारतो व पुन्हा ऐकूं लागतो. त्यामुळें तुकड्यातुकड्यांनीं, माफीच्या आशेनें व फांशीच्या भयानें दिलेले जबाब, एका माणसानें आपखुषीनें सांगितलेल्या अखंड आत्मचरित्रासारखे वाटूं लागतात. सरकारी चौकशीचा हात पुसला गेला आणि उरला तो जन्मजात ठग. जबाबांतून प्रश्न काढून टाकणें म्हणजे पत्रावरील मायना व तारीख कापून टाकण्यासारखें आहे. मजकूर तोच राहतो, पण तो कोणी, कोणास, कोणत्या स्थितींत लिहिला, हें कळण्याचा मार्ग बंद होतो.

तिसरा थर रचलेल्याचा. अनाथ पोराचा ठगाकडून सांभाळ व बहिणीचा नकळत वध ही जोडणी कादंबरीच्या कलेस शोभणारी आहे. पापाचें फळ पाप्याच्याच पदरांत टाकण्याचें काम ती चोख करिते. ७१९ खुनांच्या आंकड्याची गोष्ट निराळी. टेलर तो अमीर अल्लीच्या तोंडचा म्हणून देतो. माफीच्या साक्षीदाराचें मोल त्याच्या माहितीवर ठरत असे. अशा माणसाची स्वतःविषयींची फुशारकी दुसऱ्या पुराव्यावांचून हिशेबांत धरणें धाडसाचें आहे. तरीही तो आंकडा ज्याच्या त्याच्या लेखणींतून उतरत राहिला, याचें श्रेय दप्तरापेक्षां कादंबरीसच अधिक दिलें पाहिजे.

ग्रंथकाराची ही जुळवून घेण्याची संवय त्याच्या पुढील ग्रंथांतही दिसते व तिचा पडताळा आपणांस घरच्या तारखांवरून घेतां येतो. इ. स. १८६३ त छापलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूर, विजापूर व अफजलखानाचा वध या विषयांवर आहे. १६५७ मराठ्यांचा उदय, १७५७ प्लासी व १८५७ चें बंड, अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें तीन कादंबऱ्या त्यानें योजिल्या. पण प्रतापगडचा प्रसंग शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ चा. दोन वर्षें मागें ओढल्यावांचून तो या शतकमालेंत बसत नाहीं. सुबक आकृतीसाठीं तारीख हलविणारा लेखक सुबक चरित्रासाठीं जबाब हलवील, असें अनुमान काढण्यास हरकत नसावी.

येथें कोणी म्हणेल कीं, मग ठगी हेंच सरकारनें व कादंबरीकारानें मिळून रचलेलें थोतांड समजावें. अलीकडे असा पक्ष मांडिलाही गेला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. साक्षीदारांनीं दाखविलेल्या जागा उकरल्यावर प्रेतें निघालीं, याच्या नोंदी आहेत. वाटसरूंचे खून झाले, हें नाकारतां येत नाहीं. प्रश्न खून झाले कीं नाहीं हा नसून, निरनिराळ्या टोळ्यांचे निरनिराळे अपराध मिळून एक देशव्यापी, वंशपरंपरागत व धर्मबद्ध पंथ होता, हें चित्र कागदांतून निघतें कीं कागदांवर लादलें गेलें, हा आहे.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. इ. स. १८३६ च्या ३० व्या कायद्यानें अमुक खून शाबीत होण्याची गरज उरली नाहीं. मनुष्य ठगांच्या टोळींतला होता एवढें ठरलें कीं जन्मठेप. कायदा कादंबरीच्या तीन वर्षें आधींचा, तेव्हां तो कादंबरीनें केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण गुन्हा माणसाच्या कृत्यांत नसून त्याच्या कुळांत असतो, ही समजूत लोकांच्या मनांत रुजविण्याचें काम कायद्यापेक्षां कादंबरीनेंच अधिक केलें. इ. स. १८७१ त गुन्हेगार जातींचा कायदा झाला, तो याच समजुतीवर उभारलेला होता. इ. स. १९११ च्या सुधारणेनंतर तो सबंध देशास लागू करतां येऊं लागला आणि आपल्या इकडे सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. कोणताही अपराध शाबीत न होतां पिढ्यान् पिढ्या हजेरी देणाऱ्या त्या लोकांची इ. स. १९५२ त कायद्यानें सुटका झाली. नांवाला चिकटलेला डाग मात्र कायदा रद्द होऊनही पुसला गेला नाहीं. जबाबांतून प्रश्न गाळण्याची किंमत कोणीं भरली, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकानें करावयाचा नाहीं तर कोणीं करावयाचा?

सर्वांत नवलाची गोष्ट अशी कीं, ज्या शिस्तीचा अभाव आम्ही या कादंबरींत दाखविला, ती शिस्त टेलरच्याच अंगीं पूर्णपणें होती. सुरापूर प्रांतांत जेवर्गी वगैरे ठिकाणीं त्यानें प्राचीन शिलावर्तुळें व दफनें उकरलीं. तीं उकरतांना वरील दगड, मधली माती, खालील अस्थि व भांडीं यांची जागा त्यानें एकेक करून टिपली व उभ्या छेदाचें चित्र काढून तें वर्णनासह प्रसिद्ध केलें. त्या काळच्या मानानें हें काम इतकें पुढचें होतें कीं, सुमारें शंभर वर्षांनंतर सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खननपद्धतीवरील आपल्या इ. स. १९५४ च्या ग्रंथांत त्याची आवर्जून प्रशंसा केली. मातीचे थर वेगळे राखणाऱ्या या हातानें माणसांच्या जबानीचे थर मात्र एकत्र कालविले. थडग्यांतील अस्थींस बाजारपेठ नव्हती, कबुलीजबाबास होती, एवढाच याचा उलगडा आम्हांस दिसतो.

असो. कादंबरी म्हणून तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. अमीर अल्ली राक्षस म्हणून रंगविलेला नसून बुद्धिमान, विनोदी, कुटुंबवत्सल व म्हणूनच अंगावर कांटा आणणारा असा माणूस म्हणून उभा केला आहे. त्या काळच्या कोणत्याही सरकारी अहवालास हें साधलेलें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अशीं पुस्तकें संग्रहाबाहेर ठेवूं नयेत व इतिहासाच्या कपाटांत बखरींच्या पंक्तीस परीक्षेवांचून बसवूंही नयेत. प्रत मिळाली तर आवृत्ति व साल टिपावें, प्रस्तावना फाटूं देऊं नये आणि शक्य तेथें ज्या दप्तरावरून ती रचली तें दप्तर शेजारीं ठेवून वाचावी. ठगाच्या हातचा रुमाल व दप्तराचा रुमाल या दोहोंचें नांव एकच आहे. पहिल्यानें माणसाचा आवाज बंद होतो, दुसरा सोडला कीं तो ऐकूं येण्याचा संभव असतो. कादंबरी वाचून झाल्यावर हा दुसरा रुमाल सोडण्याचें काम आपलें आहे.