मयूरपट्टणचा सोबती

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ प्रकाशित झाला. विषय अट्ठकथांच्या निदान-गाथा व निगमन-गाथा, म्हणजे ग्रंथारंभी आणि ग्रंथान्ती कर्ता स्वतःविषयी जे थोडेफार सांगतो ते. समारंभ साधा, पण आनंदाचा झाला. वसतिगृहात त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेले तिघे मित्र दूरच्या गावांहून आले होते. तो आता जेथे शिकवितो तेथील नवे सहकारीही आले होते. वंदना झाली, रेशमी फीत सुटली, आणि प्रस्तुत लेखकाने अर्धा तास ग्रंथाचा गौरव केला. ग्रंथ मी पूर्ण वाचलेला नव्हता. रात्री घरी आल्यावर तो वाचावयास घेतला आणि पपञ्चसूदनीच्या निगमनावरील परिच्छेदापाशी थांबलो.

मज्झिमनिकायाच्या या अट्ठकथेच्या अखेरीस बुद्धघोष सांगतात की, पूर्वी मयूरपट्टण येथे आपल्यासोबत राहणाऱ्या भदन्त बुद्धमित्त थेरांच्या विनंतीवरून हा ग्रंथ रचला. (गावाच्या नावाचा मधला भाग सर्व प्रतींत एकसारखा नाही, तो वाद येथे नको.) या वाक्यात ‘पुब्बे’ हे क्रियाविशेषण ‘निवसन्तेन’ या धातुसाधिताकडे जाते. आमच्या मित्राने ते विनंतीकडे नेले. त्यामुळे भाषांतर झाले ते असे: बुद्धमित्त थेरांनी ‘पूर्वी केलेल्या विनंतीनुसार’. व्याकरणाच्या दृष्टीने चूक लहान आहे. वाक्यात तृतीयान्त पदांची रांग असली की चांगल्या चांगल्यांची अशी फसगत होते. अर्थाच्या दृष्टीने मात्र ती लहान नाही. बुद्धघोषांना सांगावयाचे होते की हा माझा जुना सोबती आहे. भाषांतरात विनंती जुनी झाली आणि सोबती नाहीसा झाला.

हा सोबती महत्त्वाचा का, हे पाहण्यासाठी बुद्धघोषांच्या ग्रंथ-प्रकाशनाच्या प्रसिद्ध कथेकडे वळले पाहिजे. ती चूळवंसाच्या 37 व्या परिच्छेदात आहे. या भागाचा कर्ता म्हणून परंपरा तेराव्या शतकातील धम्मकित्तींचे नाव घेते. म्हणजे बुद्धघोष आणि ही कथा यांच्यामध्ये सुमारे आठशे वर्षांचे अंतर आहे. कथेनुसार बुद्धघोषांचा पहिला ग्रंथ ‘ञाणोदय’. तो आज उपलब्ध नाही. त्यानंतर धम्मसंगणीवरील अट्ठसालिनी झाली. पुढे ते आणखी एक अट्ठकथा रचू लागले, तेव्हा त्यांचे आचार्य रेवत थेर म्हणाले की, येथे केवळ पालि आणली गेली आहे, अट्ठकथा येथे नाही. ती सिंहली भाषेत लंकेत आहे, तेथे जा आणि ती मागधीत आण. शिष्याच्या लेखनाचे आचार्यांनी केलेले स्वागत ते हेच: काय उणे आहे ते सांगितले आणि समुद्रापलीकडचा रस्ता दाखविला.

अनुराधपुराच्या महाविहारातही हार-तुरे आधी आले नाहीत. अट्ठकथांच्या पोथ्या मागितल्यावर संघाने दोन गाथा पुढे ठेवल्या आणि सामर्थ्य दाखविण्यास सांगितले. त्यातून विसुद्धिमग्ग झाला. महाबोधीजवळ संघ जमला, वाचन सुरू होणार तोच देवतांनी पोथी लपविली. दुसरी लिहिली, तीही लपविली. तिसरी लिहून झाल्यावर पहिल्या दोन्ही परत आल्या. मग भिक्खूंनी तिन्ही पोथ्या एकत्र वाचल्या आणि अर्थात, क्रमात, पदांत, अक्षरांत कोठेही भेद आढळला नाही. यानंतर संघाने हर्षाने घोष केला की हा निःसंशय मेत्तेय्यच होय.

आपल्याकडील व्याख्यानांत या कथेतील देवता आणि अखेरचा जयघोष एवढेच सांगितले जाते. मला मधली पायरी मोलाची वाटते. विसुद्धिमग्गाचे प्रमाण 58 भाणवार सांगितले जाते. एक भाणवार आठ हजार अक्षरांचा धरला, तर एका प्रतीची चार लाख चौसष्ट हजार अक्षरे होतात, आणि प्रती तीन. कथाकाराने अतिशयोक्ती केली असेल, नव्हे केलीच आहे. पण आठशे वर्षांनंतरही त्याच्या मनात ग्रंथाच्या प्रकाशनाचे चित्र आहे ते पाठ ताडून पाहणाऱ्या भिक्खूंचे. घोष आहे, पण तो वाचनानंतर आहे.

स्वतः बुद्धघोषांनी या चमत्काराचा उल्लेख केलेला नाही. ते केवळ माणसांची नावे देतात. विसुद्धिमग्गाच्या मागे महाविहारातील संघपाल थेरांची विनंती आहे. सुमंगलविलासिनीच्या मागे सुमंगल परिवेणात राहणारे दाठानाग थेर आहेत. अट्ठकथेचे नावही त्या परिवेणावरून पडले असावे. ही लंकेत जोडलेली नवी माणसे. मनोरथपूरणीला येताच जुनी माणसे भेटू लागतात: कांचीपुरात पूर्वी सोबत राहिलेले भदन्त जोतिपाल. आणि पपञ्चसूदनीत मयूरपट्टणचे बुद्धमित्त. बुद्धघोष दक्षिणेचे होते, हे धर्मानंद कोसंबींचे मत चूळवंसातील बोधिमंडाजवळच्या ब्राह्मणपुत्राच्या कथेला छेद देते; त्या मताला बळ मिळते ते अशाच ओळींमधून. कर्त्याच्या चरित्राचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा त्याच्या मित्रांच्या नावांत शिल्लक राहिला आहे. म्हणून ‘पुब्बे’ योग्य जागी बसणे आवश्यक.

कोसंबींचे नाव आले, म्हणून त्याच विसुद्धिमग्गाच्या आधुनिक प्रकाशनाविषयी थोडे. हार्वर्डचे हेन्री क्लार्क वॉरन या ग्रंथाच्या संपादनाचे काम अपुरे टाकून 1899 मध्ये वारले. ते पुरे करण्यासाठी कोसंबी 1910 पासून अनेक वेळा अमेरिकेस गेले. शीर्षकपृष्ठावरील श्रेयावरून प्राध्यापक लॅन्मन यांच्याशी त्यांचा मतभेदही झाला, आणि तो क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. त्यांची स्वतःची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने 1940 मध्ये मुंबईत काढली. हार्वर्डची रोमन आवृत्ती 1950 मध्ये निघाली, तेव्हा वॉरन जाऊन अर्धशतक लोटले होते आणि कोसंबींना जाऊन तीन वर्षे. दोघांची कधी भेट झाली नव्हती. तरी एकाने जुळविलेले पाठ दुसऱ्याने ओळीओळीने पाहिले, हा त्यांचा संबंध. त्याला मैत्री म्हणण्यास माझी हरकत नाही.

आता पुन्हा आमच्या मित्राच्या ग्रंथाकडे. ग्रंथ चांगला आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दाठानागांवरील प्रकरण मराठीत या विषयावर मी वाचलेल्या लेखनात सर्वांत काटेकोर आहे. निदान-गाथांचे वर्गीकरण थोडे ताणलेले वाटते, आणि सूचीत थेरांची नावे दोन ठिकाणी गळली आहेत. हे सर्व समारंभात बोलता आले असते. सिगालोवाद सुत्तात मित्राच्या रूपातील अमित्रांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत तोंडावर गोड बोलून स्तुती करणारा एक आहे. हे सुत्त मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला दूरध्वनी केला. ‘पुब्बे’चा अन्वय सांगितला. तो क्षणभर थांबला, मग त्याने वाक्य मोठ्याने म्हटले, पुन्हा एकदा म्हटले, आणि “होय सर, सोबती गेला,” एवढेच बोलला. पुढे म्हणाला की खोलीतल्या तिघा मित्रांपैकी एकाने, जो पालि शिकलेला नाही, कच्चे लिखाण वाचून विचारले होते की विनंती पूर्वी केली तर मग ग्रंथ इतक्या उशिरा का झाला. त्याला तेव्हा उत्तर सुचले नव्हते.

कपाटातील खालच्या कप्प्यात त्याने वर्षापूर्वी मला आणून दिलेली हस्तलिखिताची प्रत आहे. काल ती काढली. तिची दोरी अजून सोडलेली नव्हती.