नायिकेला हवं तरी काय?

गोदावरी परुळेकरांवर मोठ्या बजेटचा सिनेमा काढायचा ठरला, तर पटकथेच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न येईल: खुद्द बाईंवर काय गुदरलं? जमीनदाराने त्यांच्या घरातल्या कुणाला मारलं? उत्तर ऐकून निर्माता हिरमुसेल. पुण्याच्या सुखवस्तू गोखल्यांची मुलगी, कायद्याची पदवीधर, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची पहिली स्त्री सभासद. वारली आदिवासींशी त्यांचं ना नातं, ना जमीनदारांशी जुना हिशेब. तरी जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला मूठभर वारली आले, आणि २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारोंच्या सभेत वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचं, ही ‘लग्नगडी’ची चाल मोडायला तिथून सुरुवात झाली.

त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात पायपीट आहे, झोपड्यांतला मुक्काम आहे, बोलायलाही बिचकणारी माणसं आहेत. बाई इथे का राहिल्या याचा उलगडा एका घटनेत होत नाही, पानापानांतून होत जातो. दोन-अडीच तासांच्या सिनेमाला नेमकं हेच झेपत नाही.

तलवाड्याचा प्रसंग घ्या. १० ऑक्टोबर १९४५. गोदाराणीच्या, म्हणजे गोदावरीबाईंच्या, जिवाला धोका आहे, तलवाड्याला या, अशी हूल उठली आणि काठ्या-कोयते घेऊन वारली जमले. गोदाराणी तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. व्यावसायिक दिग्दर्शक या जागी नायिकेला गर्दीच्या मधोमध, वाऱ्यावर पदर उडवत उभी करणार आणि पुढच्या रिळांत बदला घ्यायला मोकळी सोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

धंद्याच्या सिनेमात नायकाला काहीही हवंसं वाटू शकतं: शहरावर राज्य, संघात जागा, समोरच्या गच्चीवरची मुलगी. कारण कुणी विचारत नाही. नायिकेच्या वेळी मात्र चौकशी समिती बसते. ‘पुष्पा’च्या २०२१ सालच्या पहिल्या भागात श्रीवल्लीने वळून बघावं, हसावं म्हणून पैसे मोजले जातात, पुढे ती पुष्पाकडे वळते तेही एका गुंडाच्या धाकाने. तिला मुळात काय आवडतं, या प्रश्नाला पटकथेत जागाच नाही.

खऱ्या कुस्तीगीर बहिणींवरच्या ‘दंगल’चं (२०१६) कौतुक रास्त आहे, पण त्यातली इच्छा वडिलांची. मुलींना कुस्ती नकोच असते. कोवळ्या वयात बोहल्यावर चढलेली मैत्रीण त्यांना सांगते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो, आणि मुली आखाड्यात परततात. प्रसंग सुरेख लिहिलाय. पण शेवटच्या कुस्तीत वडिलांना खोलीत कोंडून ठेवण्याचा बनाव रचला आहे, प्रत्यक्षात तसं काही घडलं नव्हतं. तो रचूनही थोरली गीता जिंकते ती वडिलांचीच शिकवण आठवून. बाप बंद दाराआड आणि तरी मुलीच्या डोक्यात ठाण मांडून.

मराठीतही हिशेब फार वेगळा नाही. ‘माहेरची साडी’ने १९९१ मध्ये थिएटरं रडवली, अलका कुबल यांच्या लक्ष्मीला सोसण्यापलीकडे काम नव्हतं. एकतीस वर्षांनी ‘वेड’मधली श्रावणी शिकलेली आहे, नीटनेटकी आहे, आणि दुसरीच्या आठवणीत बुडालेल्या नवऱ्याची वाट पाहते आहे. छळ गेला, सोसणं राहिलं.

गंमत अशी की मराठी सिनेमाने हे कोडं फार पूर्वी सोडवलं होतं. प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेलं लग्न मानतच नाही. तिला हा नवरा नको आहे, बस्स. सूड नाही, प्रियकर नाही. शेवटी त्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या, आत्महत्येने तिची सुटका करावी लागली, ही त्या काळाची मर्यादा. जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) स्मिता पाटील यांची ठाकर चिंधी नावडत्या नवऱ्याला सोडते आणि तिला नाग्या हवा असतो, हे ती लपवत नाही. नाग्याला मात्र आपल्याला जखमी करणाऱ्या राणीमाशीवर सूड उगवायचा आहे. म्हणजे इथे जखम नायकाला आणि इच्छा नायिकेला! गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतून आलेली ही वाट पुढच्या तिकीटबारीवाल्यांनी का सोडली, कोण जाणे.

ती पुन्हा सापडली ‘सैराट’मध्ये (२०१६). शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा म्हणून त्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ‘झिंगाट’ही पाठ आहे, नायिका आर्चीची घडण मात्र कमी लोकांनी न्याहाळली. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणं हा दिखाऊ भाग झाला. नागराज मंजुळे यांनी तिला घडवलंय ते पोलीस ठाण्यात. आर्ची आणि तिचा प्रियकर पार्श्या पळून गेल्यावर सापडतात आणि पार्श्या व त्याच्या मित्रांविरुद्ध अत्याचाराची खोटी तक्रार तयार होते. म्हणजे व्यवस्था तिला कागदावर रीतसर जखम बहाल करते. आर्ची तो कागद फाडते. मी माझ्या मर्जीने गेले, एवढंच तिचं म्हणणं. हिंदी-मराठीतल्या नायिकांचा अर्धा धंदा ज्या भांडवलावर चालतो, तेच तिने टराटरा फाडून टाकलं.

दोघं पुन्हा पळाल्यावरचा हैदराबादेतला भाग अनेकांना लांबलेला वाटला. तो लांबलेला नाही. उलट तिथेच तिचं मन कळतं. पाटलाच्या वाड्यातली पोर घाणेरड्या वस्तीत येते, तिला जेवण जात नाही, आई आठवते. पार्श्या संशय घेतो, हात उचलतो, तेव्हा ती चालू पडते. आणि परतते तीही स्वतःच्या निर्णयाने. नोकरी, तेलुगू, मूल, स्कूटर, सगळं जमून आल्यावर ती आईला फोन करते. तिचा घात होतो तो या फोनमुळे. पटकथेने तिला मारायला बाहेरून योगायोग आणला नाही. तिला प्रेमही हवं होतं आणि आईही, आणि दुसऱ्या हवेपणाची किंमत तिघांनी मोजली असती, पण मूल वाचलं.

‘सैराट’च्या हिंदी रिमेकने, ‘धडक’ने (२०१८), शेवट बदलला. तिथे प्रियकर आणि बाळ मरतात, नायिका उरते. दोन वर्षांत पुन्हा जखमेवर गाडी आली.

‘बाईपण भारी देवा’ची (२०२३) जात वेगळी. केदार शिंदे यांनी सहा बहिणींना मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र आणलं. प्रत्येकीमागे एक एक दुखणं लावलंय आणि ते शेवटी शिस्तीत बरं होतं, हा त्यातला कमकुवत भाग. पण बायका नऊवारी नेसून, गट करून थिएटरात गेल्या त्या दुखण्यांसाठी नव्हे. पन्नाशीच्या बाईला नाचायचंय, जिंकायचंय, बहिणीला खिजवायचंय, ही साधी हौस पडद्यावर पाहायला गेल्या. निर्मात्यांनी यातून फक्त ‘बायकांचा सिनेमा चालतो’ एवढाच धडा घेतला असेल, तर कठीण आहे.

गोदावरीबाईंच्या वारली मुलखातच, डहाणूत, दुसरी एक गोष्ट पडून आहे. १९८९ मध्ये औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध नर्गिस इराणी आणि त्यांचे सहकारी कोर्टाची पायरी चढले. हव्या होत्या चिकूच्या बागा, खाडी, धुराशिवायची हवा. ‘एरिन ब्रॉकोविच’मध्ये (२००० सालचा हॉलिवूडचा सिनेमा) नायिकेला आधी नोकरी आणि पगार हवा असतो, खटला नंतर येतो, तशी इथेही सुरुवात कोर्टात नको. जाळी लावलेल्या लांब काठीने चिकू उतरवणं, करंड्या भरणं, यातून बाईचा जीव कशात आहे ते दिसेल. प्रकल्प उभा राहिलाच. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडलं. यात इंटरव्हल कुठे घ्यायचा, असं निर्माता विचारेल. १९९६ला घ्यावा, कागदावर जिंकून झालेलं असतं आणि चिमणी तर चालूच असते.