मुका खेळ आणि पेटीचा लेहरा

मुक्या माणसाला वाचा फुटावी, अशी प्रार्थना आपण करतो. पण मुक्या कलाकृतीला वाचा द्यावी काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि संगणक उघडून म्हणाला, "गुरुजी, हा जुना खेळ मी स्वतः लिहून काढलाय. आता त्याला पार्श्वसंगीत द्यायचंय. ऐकून मत सांगाल?"

खेळ होता 'टेट्रिस'. चौकोनांचे निरनिराळे तुकडे वरून पडतात. ते फिरवून, सरकवून आडवी ओळ पुरी भरायची. भरली की ओळ नाहीशी होते. न भरली तर ढीग चढत जाऊन खेळ आटोपतो. १९८४ साली मॉस्कोमध्ये, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. त्यांच्या 'एलेक्त्रोनिका ६०' यंत्राला चित्रे काढता येत नसत. म्हणून तुकडे कंसांच्या चिन्हांनीच दाखवलेले. तिथे संगीत कुठले?

"मग तू कशाला घालतोस?" मी विचारले. पोराने वाद घातला नाही. त्याने १९८९ सालच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा टेट्रिस मला ऐकवला, आणि माझे मत डळमळले.

त्या आवृत्तीसाठी हिरोकाझु तानाका यांनी 'कोरोबेयनिकी' हे रशियन लोकगीत बसवले आहे. त्याचे शब्द नेक्रासोव यांच्या १८६१ सालच्या कवितेतले. विषय, पाठीवर माल घेऊन गावोगाव हिंडणारे फेरीवाले. यंत्राजवळ आवाज अवघे चार, त्यातला एक तर नुसता खरखरीचा! पण त्या काटकसरीतही चाल अशी धावते, की तिचा शेवट पुन्हा आरंभाकडेच घेऊन जातो. तुकडे पडत राहतात, फेरीवाला चालत राहतो. संगीत वरून चिकटवलेले वाटत नाही, कारण खेळाचा आणि चालीचा घाट एकच आहे.

चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती वेळ चालणार हे ठाऊक असते. खेळाच्या संगीतकाराला ती सोय नाही. खेळणारा मिनिटात हरेल किंवा तासभर तग धरील. म्हणून त्याचे नाते जुळते ते आपल्याकडच्या लेहऱ्याशी. तबल्याचे एकलवादन चालू असते आणि पेटीवाला एकच आवर्तन पुनःपुन्हा वाजवीत बसतो. त्याच्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये आणि सम कुणाची चुकू नये, यातच त्याची थोरवी.

याचा उत्तम दाखला १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानी खेळ. तोमोहिरो निशिकादो यांच्या या खेळात उतरत्या क्रमाचे चारच खर्जातले स्वर सतत वाजतात. शत्रू पंचावन्न, ते जसे मरतात तसे उरलेले वेगाने सरकू लागतात आणि स्वरांची लयही वाढते. गाणे म्हणून त्या चार स्वरांना कुणी शाबासकी देणार नाही. पण खेळणाऱ्याच्या छातीची धडधड तेच वाढवतात.

आता पोराच्या कृतीकडे वळू. पहिल्या प्रयत्नात त्याने संगीताची आज्ञा अशी लिहिली होती, की चाल संपेपर्यंत यंत्र दुसरे कामच करीना. तुकडा अधांतरी लटकलेला! मला आपली संगीत नाटके आठवली. पदाला वन्समोअर मिळाला की कथानक बिचारे तिष्ठत उभे राही. पुढे त्याने चाल मागे वाजत ठेवण्याची आज्ञा शोधली. किती वेळा वाजवायची, तिथे लिहायचे 'उणे एक'. त्याचा अर्थ अखंड! गणित शिकवून केस पिकले, पण उणे एकाचा हा अर्थ मला नवा होता.

चाल त्याने वडिलांकडून घेतली. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. विलंबित, मध्य, द्रुत असे तीन लेहरे. ढीग अर्ध्यावर गेला, की लय बदले. पण बदले ती स्वर मध्येच तोडून. मी म्हटले, "अरे, आवर्तन पुरे होऊ दे. लय बदलावी ती समेवर." दोन दिवसांनी तो परत आला. आता ढीग चढतो, पेटी मात्र आपले आवर्तन शांतपणे पुरे करते आणि मगच द्रुत लयीत शिरते. मधल्या त्या चार-पाच क्षणांत खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मूळ खेळात नसलेली ही गोष्ट संगीताने दिली, आणि तेवढ्यापुरता मी हरलो.

एक दोष मात्र उरला आहे. हरल्यावर त्याने एक करुण चाल घातली आहे. "ती काढ," मी म्हणालो. "भरलेला ढीग दिसतो आहे ना? पुरे तेवढे." त्याला हे पटलेले नाही.

तो गेल्यावर मी माझ्या कादंबरीचे हस्तलिखित काढले. आईच्या मृत्यूचे प्रकरण वाचू लागलो. बाहेर पाऊस लावला होता आणि दूर देवळातली घंटाही वाजवली होती. घंटेवर काट मारली. पावसाचे काय करावे, हे अजून ठरत नाही.