मधला दुवा: भाषांतराच्या संशोधनाविषयी काही विचार

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचे संशोधन शिकवताना आपण विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एकच साचा देतो. एका बाजूला मूळ कृती, दुसऱ्या बाजूला भाषांतर, मध्ये काय आले नि काय गळले याची यादी आणि शेवटी भाषांतरकार मुळाशी प्रामाणिक राहिला की नाही याचा निकाल. पहिल्या प्रकरणात जेम्स होम्सचा १९७२चा निबंध आणि गिडियन टूरीचे १९९५चे पुस्तक यांचा गोषवारा असतो. पुढच्या प्रकरणांत त्या दोघांचा मागमूस राहत नाही. असे प्रबंध मी बरेच वाचले आहेत. त्यांत कष्ट कमी नसतात. पण हा साचा विद्यार्थ्याला परीक्षक बनवतो, संशोधक नव्हे, असे माझे मत आहे. ते सर्वांच्या परिचयाच्या एका नाटकावरून मांडतो.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ मोलिएरवरून आले, असे आपण सहज म्हणतो. वंशावळ खरी आहे, पण अपुरी. मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या आधारे आर्थर मर्फीने ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिले. ते १७६१ साली लंडनमध्ये झाले. मर्फीवरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि त्याचेच १९१६ साली पदांसह ‘संशयकल्लोळ’ झाले. तीन भाषा, चार संहिता, अडीचशे वर्षे.

आता एखाद्या विद्यार्थ्याने मर्फीला वगळून मोलिएर आणि देवल शेजारी ठेवले तर काय होईल? मोलिएरचे नाटक एका अंकाचे आणि पद्यातले. मर्फीचे पाच अंकी आणि गद्यातले. नाटकाचा विस्तार झाला तो इंग्रजीत, मराठीत नव्हे. नवऱ्याचा संशय घेणारी बायको मोलिएरकडेही आहे, पण तिला नावसुद्धा नाही. ती नुसती ‘स्गानारेलची बायको’. मर्फीकडे ती लेडी रेस्टलेस होते आणि नवऱ्याच्या तोडीस तोड संशयी म्हणून नाटकभर वावरते. मधला दुवा न पाहणारा विद्यार्थी लिहील, की देवलांनी स्त्रीपात्राला वजन दिले. काम मर्फीचे आणि टाळ्या देवलांना! देवलांचे स्वतःचे काम निराळे आहे. त्यांनी तिला नवऱ्याच्या आडनावातून सोडवून कृत्तिका हे नाव दिले आणि फाल्गुनराव, अश्विनशेठ, रेवती, भादव्या अशी महिन्यांची नि नक्षत्रांची एक गंमतीदार पंचांगसृष्टी उभी केली.

म्हणून पहिले कौशल्य हे, की भाषांतरकाराच्या टेबलावर नेमके कोणते पुस्तक होते ते ठरवणे. तुलना त्यानंतरची.

दुसरे कौशल्य प्रश्न विचारण्याचे. मोलिएरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या प्रतिष्ठित घरच्या मुली. रेवती मात्र नायकिणीच्या घरातली. यादी करणारा याला ‘सांस्कृतिक रूपांतर’ म्हणून पुढे जातो. संशोधकाने इथे थांबले पाहिजे. संमतिवयाचा कायदा १८९१चा. ‘फाल्गुनराव’ त्यानंतर दोनच वर्षांनी आले. मुलींची लग्ने बालपणी उरकणाऱ्या समाजात प्रियकराची तसबीर जवळ बाळगून रस्त्याने जाणारी वयात आलेली कुमारिका नाटककाराने आणावी कुठून? कथानकाला जी मोकळीक हवी होती ती नायकिणीच्या घरात मिळत होती. पण त्याबरोबर संशयाचा अर्थही बदलला. बेलिंडावरचा संशय एका माणसाचा; रेवतीवरचा संशय साऱ्या समाजाने आधीच घेऊन ठेवलेला. तरी अश्विनशेठ तिच्याशी लग्न करतो. ‘शारदा’ लिहिणारे देवल या विनोदी नाटकातही आहेत ते इथे, असे मला वाटते. टूरी ज्यांना संकेत म्हणतो ते प्रकरण एकमध्ये नव्हे, अशा जागी उपयोगी पडतात.

तिसरे कौशल्य पाठांचे. १८९३ आणि १९१६ यांमध्ये तेवीस वर्षे आहेत. आज सहज मिळणारी आवृत्ती घेऊन १८९३च्या समाजाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे; दोन्ही छापील पाठ ताडून पाहिलेच पाहिजेत.

मग भाषांतर चांगले की वाईट, हे म्हणायचेच नाही का? जरूर म्हणावे, पण कोणासमोर कोणते पर्याय होते हे कळल्यावर.

अडचण विभागांच्या भिंतींची आहे. फ्रेंचचा विद्यार्थी मोलिएर वाचतो, मराठीचा देवल. मर्फी कोणाच्याच वाट्याला येत नाही. दोन विभागांचे संयुक्त मार्गदर्शन आणि पहिल्या सत्रात एकाच कृतीची पुराव्यासह वंशावळ लावण्याचा स्वाध्याय, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. कारण हा प्रश्न एका नाटकाचा नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील’ म्हणून दिलेल्या सुरस गोष्टीही इंग्रजीतूनच आल्या. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी मराठी लेखन या एका दारातून आत आले. ते दार न पाहता आपण आपल्या लेखकांना कधी नको ते श्रेय देतो, तर कधी त्यांच्या हक्काचे नाकारतो.