गिरणीचे रूपांतर : एक टिपण

साहित्यचर्चेत 'रूपांतर' ही संज्ञा आपण जपून वापरतो. मूळ कृतीचे प्रयोजन नव्या रूपात काही अंशी तरी टिकले पाहिजे, अशी अपेक्षा तीत गृहीत असते. मुंबईच्या लोअर परळ भागातील जुन्या कापडगिरण्यांची जी आधुनिक कार्यालये झाली, त्यांनाही रूपांतर म्हटले जाते. हा प्रयोग कितपत सार्थ आहे?

गिरणीच्या छपराचे उदाहरण घ्यावे. करवतीच्या दात्यांसारख्या या छपराची तावदाने उत्तरेकडे असत. ऊन थेट आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा व सूत नीट दिसावे, हा त्यामागील हेतू. हाच उजेड लेखनाच्या मेजालाही उपकारक आहे. जेथे तो राखला गेला तेथे रूपांतर हा शब्द शोभतो. परंतु छताखाली दुसरे छत टांगून, कृत्रिम दिवे लावून, वीटकाम तेवढे उघडे ठेवावयाचे, ही केवळ सजावट होय. पाडण्यापेक्षा ते बरे, एवढेच.

भाषेचा पुरावा अधिक बोलका आहे. 'गिरणी' हे सामान्यनाम. 'गिरणीकामगार', 'गिरणगाव' हे सामासिक शब्द त्यातूनच आले. 'मिल' मात्र मुख्यतः विशेषनामाचे अंग. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत. सामान्यनामाचा आधार गेला, विशेषनाम पाटीवर राहिले. प्रमाण मराठीत 'साचा' म्हणजे ज्यात वस्तू ओतावयाची तो. गिरणगावात साचा म्हणजे माग. हा अर्थ आता जुन्या कामगारांच्या बोलण्यातच आढळावा. 'बदली' म्हणजे कायम कामगाराच्या जागी रोजापुरता घेतलेला माणूस. आज त्याच आवारात पहारा आणि सफाई करणाऱ्याची अवस्था फारशी निराळी नाही. शब्द मात्र 'कंत्राटी' असा आहे. जमिनीच्या दलालांनी तर लोअर परळला 'अपर वरळी' म्हणून पाहिले!

या शब्दव्यवहारामागे जमिनीचा व्यवहार आहे, हे विसरून चालणार नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे महापालिका, गृहनिर्माण मंडळ व मालक असे तीन वाटे कल्पिले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन तीतून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. तेव्हा 'जुने जतन केले' या विधानाचा कर्ता कोण, आणि जतन कशाचे, हे वाक्यरचनेच्या अंगानेही विचारावे लागते.

२९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवसांतील वार्तांमध्ये 'मिल' हा शब्द सर्वत्र होता. कापडाशी त्याचा संबंध कोणासच अभिप्रेत नव्हता.